किशोर कदमांचे तीन सिनेमे लावायचेत, कोणते लावू?

बोरीकाठचा (अमळनेर)

मंडळी, सल्ला पाहिजे. कापसाच्या जिनिंगचा सीझन उतरला की आम्ही गल्लीतली माणसं गणपती मंडळाच्या प्रोजेक्टरवर शनिवारी रात्री सिनेमा लावतो. या खेपेला मी म्हटलं, एकाच नटाचे तीन लावू, किशोर कदमांचे, अष्टपैलू नट आहे. सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. "कोण रे भो हा?" मी म्हटलं, 'फँड्री'तला जब्याचा बाप. तर म्हणे, "तो नट आहे होय? आम्हाला वाटलं तिथलाच कोणी माणूस धरून उभा केला."

याहून मोठी पावती नटाला काय मिळणार! पण मी दिवसभर वजनकाट्यावर पावत्याच फाडतो, पावतीवर नाव लागतं. ते नाव कुणाला माहीत नाही, हे मला खटकतं.

'नटरंग' घ्या. 2010 च्या 1 जानेवारीला आला. सगळी चर्चा अतुल कुलकर्णींच्या शरीराची, आधी पैलवानी गडी, मग नाच्या. व्हायलाच पाहिजे. पण तमाशाचा फड उभा राहतो तो पांडोबाच्या, म्हणजे कदमांच्या जिवावर. गुणाकडे, म्हणजे कुलकर्णींकडे, वगाचं वेड आहे, पांडोबाकडे धंद्याचं डोकं. कदमांनी त्याला लबाड केला नाही आणि भोळाही ठेवला नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत तंबूच्या दाराशी असा माणूस हमखास दिसतो, एक डोळा गल्ल्यावर, एक कान ढोलकीकडे. ज्याने तमाशा तिकीट काढून पाहिलाय त्याला पांडोबा ओळखीचा वाटल्याशिवाय राहणार नाही.

त्याच्या काही महिने आधी 'जोगवा' आला होता. उपेंद्र लिमयेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो त्यांच्या हक्काचाच. त्यात साडीतली यमनाक्का झालेला माणूस आणि हा पांडोबा एकच, हे मी सांगितलं तर गल्लीत पैज लागली. मोबाइलवर दोन्ही फोटो शेजारी शेजारी दाखवले, तरी एक जण मानायला तयार नाही!

आणि 'फँड्री'. शाळेजवळ डुक्कर धरायचं चाललंय, सगळं घर कामाला जुंपलंय, आता सापडणार इतक्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. आधी जब्या थबकतो, मग बाकीचे. त्याचा बाप कचरूही उभा राहतो. आता त्या क्षणी कदमांकडे बघा. पोरीच्या लग्नाचं ओझं, पाटलाचं काम, समोरून निसटणारं जनावर, आणि हा ताठ उभा. ताठ तरी कुठे, वाकायची सवय लागलेली पाठ सरळ करायला बघतो. संवाद एक नाही. मी तो तुकडा मागे नेऊन नेऊन पाहिलाय.

तर प्रश्न असा: 'फँड्री' पहिल्या शनिवारी लावू की शेवटच्या? 'नटरंग' तर लावणारच. तिसरा कोणता?

पांझरापार (धुळे)

तुनं बरोबर शे भाऊ, पन 'फँड्री' पहिला लावू नको. मी थेटरात पाहिला तेव्हा डुकराच्या पळापळीला निम्मं पब्लिक खदखदून हसत होतं. पडद्यावर गाव हसतंय, खुर्चीत आपण हसतोय. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड आला तेव्हा जो सन्नाटा पडला तो सांगता येत नाही. नागराज मंजुळेंनी सापळाच लावलाय. तुमच्या गल्लीतली माणसं आधी या नटाला ओळखू लागली, तर कचरूची फजिती पाहताना हसू तोंडातच अडकेल. किंवा अडकणार नाही. काही का असेना, शेवटीच लाव.

केळीवाला (रावेर)

जरा उलट बोलतो, राग मानू नका. माणूस चांगलं काम करतो, वाद नाही. पण अष्टपैलू? मला तर प्रत्येक वेळी दबलेला, पिचलेला गरीबच दिसतो. फाटका सदरा घातला, दाढी वाढवली की झालं वास्तववादी. अष्टपैलू म्हणजे हसवणारा, रडवणारा, नाचणारा. अशोकमामांसारखा.

बोरीकाठचा (अमळनेर)

अशोकमामांबद्दल दुमत नाही, पण गरीब म्हणजे सगळे एकाच साच्यातले का भो? कचरू गावापुढे मान वर करत नाही आणि घरात पोरावर खेकसतो. पांडोबाच्या खिशातही काही नाही, पण तो कुणालाही गुंडाळेल. दोघांची चालही वेगळी आहे.

आणि 'स्पेशल 26' पाहिलाय ना? 2013 चा, खोट्या धाडी घालणाऱ्या टोळीचा. अक्षय कुमार, अनुपम खेर यांच्यासोबत चौकडीत जो इक्बाल आहे तो हाच. सदरा चांगला इस्त्रीचा आहे! त्याच साली 'बालक-पालक'मध्ये चाळीतले कदमकाका. आता गरीब कुठे शोधतोस?

तापीकाठची

मी शाळेत मराठी शिकवत होते, म्हणून राहवत नाही. तुम्हा लोकांना हे माहीत आहे की नाही कोण जाणे: कवी सौमित्र म्हणजेच किशोर कदम. 1998 चा 'गारवा', मिलिंद इंगळे यांचा. गाण्याआधी कविता म्हणणारा तो आवाज सौमित्रचाच. आमच्या स्टाफरूममध्ये दर पावसाळ्यात ती कॅसेट वाजायची. कविता पाठ असलेल्या बायांनी 'फँड्री' पाहिला, आणि एकीलाही कचरूत तो आवाज सापडला नाही. सापडेल कसा? तो आवाज त्यांनी काढूनच ठेवलाय. कचरूचे शब्द घशातून वर येईपर्यंत अर्धे गिळले जातात. ज्याचा आवाज घरोघरी गाजला, त्याने तो बाजूला ठेवायचा, याला मी अभिनय म्हणते. पंडित सत्यदेव दुबेंच्या तालमीत तयार झालेला नट आहे, शब्द कुठे टाकायचा आणि कुठे गाळायचा हे पक्कं ठाऊक.

बोरीकाठचे दादा, तिसरा सिनेमा म्हणून श्याम बेनेगलांचा 'समर' बघा. हिंदी आहे, 1999 चा, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. मध्य प्रदेशातल्या एका गावात जातीच्या अत्याचाराची खरी घटना घडलेली असते, त्यावर सिनेमा काढायला शहरातली मंडळी तिथे जातात. कदम त्यात शहरातला दलित नट, आणि तो गावातल्या नथूची भूमिका करतोय. खरा नथू, म्हणजे रघुवीर यादव, समोर उभा! शिकलेला, चिडणारा, स्वतःची जात अंगावर आली की सैरभैर होणारा हा माणूस कचरूच्या अगदी दुसऱ्या टोकाचा. केळीवाले भाऊ, तुमचं उत्तर तिथे आहे.

बोरीकाठचा (अमळनेर)

ताई, 'समर' माझ्या यादीतच नव्हता. मग ठरलं: पहिल्या शनिवारी 'नटरंग', मग 'समर', शेवटी 'फँड्री'. 'गारवा' 'नटरंग'च्या आधी लावतो, पडदा काळा ठेवून. आवाज कुणाचा ते तिसऱ्या शनिवारपर्यंत सांगणार नाही. 'समर'ची चांगली प्रिंट कुणाकडे असेल तर कळवा.

केळीवाला (रावेर)

प्रिंट मिळाली तर मला सांग, मी रावेरहून येतो. पटलं तर भरीत माझ्याकडून. नाही पटलं तर इथेच येऊन भांडेन, मग म्हणू नका.