किडनी ट्रान्सप्लांटनंतर लिम्फोमा, गोळ्या कमी केल्या तर किडनी जाईल का?

सातारकर: बाबांना आईची किडनी बसवून ६ वर्षं झाली, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.३, सगळं नीट चाललेलं. दाढी करताना मानेला गाठ लागली, दुखत नाही म्हणून महिनाभर बोललेच नाहीत. बायोप्सीत पीटीएलडी आलंय, म्हणजे ट्रान्सप्लांटनंतर होणारा लिम्फोमा, लिम्फ पेशींचा कॅन्सर. डॉक्टर टॅक्रोलिमस (प्रतिकारशक्ती दाबायची गोळी) कमी करू म्हणतात, आईचा जीव टांगणीला लागलाय. कुणाला अनुभव आहे का?

रेवा: पहिला उपाय तोच असतो हो. प्रतिकारशक्ती दाबलेली असते म्हणून किडनी टिकते, पण त्यामुळेच अंगात लपलेला एपस्टाइन-बार व्हायरस (ईबीव्ही) बी पेशी, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, वाढवत सुटतो. उशिरा होतो त्यात कधी व्हायरस सापडतही नाही, म्हणून रिपोर्टमध्ये ईबीव्ही आणि सीडी२० (बी पेशींवरची खूण) काय आलंय ते विचाराच.

कोल्हापूरचा_दादा: माझ्या भावालाही हेच झालं होतं. त्याचं मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्ती दाबायची दुसरी गोळी) बंद केलं, टॅक्रो निम्मं आणि रिटुक्सिमॅबचे (सीडी२० असलेल्या पेशी मारणारं औषध) ४ डोस, आठवड्याला एक. आधी हिपॅटायटिस बी तपासलं. दर आठवड्याला क्रिएटिनिन, वहिनी वहीत लिहून ठेवायची. पेट स्कॅन (PET, कॅन्सर कुठे आहे ते दाखवणारा) क्लीन आला, किडनी चालू आहे. पण मनाने एकही गोळी कमी करू नका, रिजेक्शन होऊ शकतं, म्हणजे शरीर किडनी नाकारतं.

सातारकर: खूप आभार दादा, ताई. सीडी२० पॉझिटिव्ह लिहिलंय, सोमवारी विचारतो.