मदत हवी आहे: कासवाला कॅल्शियम पावडर व्हिटॅमिन डी३ वाली द्यायची की साधी?

आमच्याकडे सल्काटा कासवाचं पिल्लू आहे, दोनेक वर्षांचं, खाणंपिणं एकदम मस्त, दिवसभर चरत असतं. त्याच्या कॅल्शियमबद्दल विचारायचंय, कारण जितकं वाचतेय तितका गोंधळ वाढतोय. कोणी म्हणतं रोज द्या, कोणी म्हणतं आठवड्यातून दोनदा बास, कोणी म्हणतं डी३ असलेलीच पावडर घ्या नाहीतर कॅल्शियम अंगी लागतच नाही.

खाण्यात मुख्य गवत, मग जास्वंदीची आणि तुतीची पानं, अधूनमधून फड्या निवडुंग काटे काढून. पालक देत नाही, त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियम शोषलं जात नाही म्हणून. यूव्हीबीची (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी) ट्यूब आहे, दिवसाचे दहा-बारा तास चालू असते. पण हल्ली पाठीवरून बोट फिरवलं की प्रत्येक खवल्याचा मधला भाग जरा वर आलेला लागतो. कवच कडक आहे, चालताना पोटही नीट उचलतं. मग हे उंचवटे कॅल्शियम कमी पडल्यामुळे आहेत का? आणि पावडर शिंपडली की हा गडी वास घेतो आणि नेमकी तेवढीच पानं सोडून बाकीची फस्त करतो, त्याचं काय करायचं? गुरांना देतात ते मिनरल मिक्स्चर चालेल का, की माणसांच्या गोळ्या कुटून देऊ? ज्यांनी स्वतः पाळलीयेत त्यांनी प्लीज सांगा, वाढीचं वय आहे, आत्ता काही कमी पडायला नको.

प्रतिसाद १:
कवच कडक आहे आणि चाल नीट आहे म्हणजे हाडं मऊ पडल्याची ढोबळ लक्षणं तरी दिसत नाहीयेत. उंचवटे दिसले की लोक लगेच कॅल्शियमवर येतात, पण कोरडी हवा हे त्याचं मोठं कारण आहे. २००३ मध्ये सल्काटाच्याच पिल्लांवर केलेला अभ्यास आला होता, त्यात खाण्यातल्या प्रोटीनपेक्षा आर्द्रतेचा परिणाम जास्त दिसला, दमट हवेतल्या पिल्लांची पाठ जास्त सपाट राहिली. तेव्हा आधी लपायच्या जागेत ओलावा ठेवा आणि रोज कोमट पाण्यात बसवा. आलेले उंचवटे जात नाहीत पण नवीन वाढ सपाट येऊ शकते.

पावडर साधी कॅल्शियम कार्बोनेटची घ्या, फॉस्फरस नसलेली. खाण्यात फॉस्फरसच्या निदान दुप्पट कॅल्शियम लागतं, आणि गुरांच्या मिक्स्चरमध्ये बहुतेक वेळा फॉस्फरस असतोच, वर तांबं वगैरे गुरांच्या हिशोबाने, त्यामुळे ते नकोच. गोळ्यांमध्ये बऱ्याचदा डी३ आणि फ्लेवर असतात, त्याही नकोत. डी३ चं म्हणाल तर यूव्हीबी मिळत असेल तर कातडीत ते आपोआप बनतं आणि पुरेसं झालं की शरीर थांबतं. तोंडावाटे दिलेल्याला असा ब्रेक नाही, ते अंगात साठत जातं आणि जास्त झालं की किडनी, रक्तवाहिन्या अशा भलत्याच ठिकाणी कॅल्शियम जमायला लागतं.

आणि पानं ओली करून चिमूटभरच टाका, पांढरी दिसेपर्यंत नको. आठवड्यातून तीन-चारदा पुरे.

प्रतिसाद २:
वरच्याला +१. पावडर खात नसेल तर कटलबोन (कटलफिश या समुद्री प्राण्याचं आतलं कॅल्शियमचं कवच) ठेवून बघा, मागचा टणक पापुद्रा काढून मऊ बाजू वर. लागेल तेव्हा स्वतः कुरतडतात, चोचही घासली जाते. आमचं आठवडे आठवडे बघत नाही आणि मग एकदम बसून कराकरा खातं, त्यामुळे लगेच हात लावला नाही तर उचलून ठेवू नका.

ट्यूब किती जुनी आहे पण? मध्ये काच किंवा प्लास्टिक नाहीये ना? काचेतून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही.

धागाकर्ती:
दोघांनाही मनापासून थँक्यू! कटलबोन आजच मागवते. काच नाहीये, ट्यूब जाळीच्या वर आहे, वर्ष होत आलं असेल, पण उजेड अजून पहिल्यासारखाच आहे, मग बदलायची का?

प्रतिसाद २:
हो, बदला. उजेड तसाच राहतो आणि यूव्हीबी कमी होत जातं, डोळ्यांना कळत नाही. ट्यूबच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने ते वर्ष धरायचं, यूव्ही मीटर मिळाला तर उत्तमच. जाळीही थोडं अडवते, जमलं तर ट्यूब जाळीच्या आत घ्या, फक्त कंपनीने दिलेलं अंतर पाळा. आणि कवच दाबल्यावर कधी मऊ लागलं किंवा पाय थरथरले तर पावडर वाढवत बसू नका, सरपटणाऱ्या प्राण्यांचे डॉक्टर गाठून एक्स-रे आणि रक्त तपासून घ्या.