कॉन्सर्टिनासाठी थोडेसेच फेल्ट कोठून घ्यावे?

प्रश्न : जुन्या कॉन्सर्टिनाची (दोन्ही हातांत धरून भाता दाबत वाजवायच्या वाद्याची) बटणे दाबताना खटखट आवाज येतो, उघडून पाहिले तर बटणांखालच्या फेल्टच्या (तंतू दाबून केलेल्या जाड कापडाच्या) चकत्यांना कसर लागलेली आहे. घाऊक विक्रेते तळहाताएवढा तुकडा देत नाहीत. काय करावे?

उत्तर : पियानोदुरुस्तीचे साहित्य विकणाऱ्यांकडे चौकशी करावी, कारण त्यांच्याकडे लोकरी फेल्ट अरुंद पट्ट्यांतही मिळते. हस्तकलेच्या दुकानातले रंगीत फेल्ट बहुधा कृत्रिम धाग्याचे असते आणि एकदा दबले की फारसे फुलत नाही. शंका वाटल्यास एक तंतू जाळून पाहावा : लोकरीला जळक्या केसांचा वास येऊन राख चुरगळते, कृत्रिम धागा वितळून त्याची टणक गुठळी होते.

दुसरे उत्तर : माझ्या मते जाडी अधिक महत्त्वाची आहे. चकती जाड झाली, तर बटण पुरेसे खाली जात नाही, स्वराचे छिद्र झाकणारा पॅड पूर्ण उचलला जात नाही आणि स्वर दबका, क्वचित किंचित उतरलेलाही निघतो. क्वचित वाजणाऱ्या टोकाच्या बटणाखालची चकती सहसा कमी दबलेली असते, मूळ जाडी कळण्यासाठी तीच मोजावी.

प्रश्नकर्ता : बिलियर्ड्सच्या टेबलाचे कापड चालेल का?

दुसरे उत्तर : लोकरीचे असल्यास चालेल, मात्र ते पातळ असल्याने दोन थर लागतील.