प्रदर्शनासाठी फोटोंच्या फ्रेम: पट्टी, माउंट, काच कशी निवडावी? (२४ फोटो, पुणे, ऑगस्ट)

जुनावाडा

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या जुन्या वाड्यांची २४ छायाचित्रं जागतिक छायाचित्रण दिनाच्या (१९ ऑगस्ट) आठवड्यात एका कलादालनात मांडायची आहेत. फ्रेम निवडायला मदत हवी आहे.

- १४ फोटो आडवे, १० उभे. उभ्यांत धरलेले दोन खरं तर चौरस आहेत, १२×१२ इंच. बाकी सगळे १२×१८.
- लॅबमधून लस्टर (अर्धचकचकीत) कागदावर, बिनकिनारीचे प्रिंट.
- जवळजवळ सगळे कृष्णधवल. माजघर, जिने, ओसरी. म्हणजे काळोख भरपूर.
- भिंत एकूण ५५ फूट. वरच्या बाजूला लोखंडी पट्टी आहे, तिच्यावरून नायलॉनच्या दोऱ्या सोडून लटकवायचं. खिळे ठोकायला मनाई.
- प्रदर्शन पाच दिवस. काही फोटो विकले गेले तर आनंदच.

फ्रेमवाल्याने तीन नमुने दाखवले: दीड इंची सोनेरी नक्षीची पट्टी, पाऊण इंची सपाट काळी सिंथेटिक, आणि ॲल्युमिनियम. काच घ्यावी की ॲक्रिलिक (काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक)? आणि माउंट (फोटोभोवतीचा, खिडकी कापलेला जाड पुठ्ठा) लागतोच का? तो काढला तर खर्च बराच खाली येतोय.

काटकोन

माउंट काढू नका. पैसे वाचवायचेच असतील तर पट्टीत वाचवा. लस्टर कागदावर जिलेटिनसारखा मऊ थर असतो. ऑगस्टच्या दमट हवेत तो काचेला टेकून राहिला की आधी ओल्या डागांसारखे चकचकीत पट्टे दिसतात आणि मग फोटो काचेला चिकटतो. चिकटलेला फोटो ओढून काढला की थर काचेवरच राहतो. माउंटमुळे काच आणि फोटो यांच्यात दीड-एक मिलिमीटर हवा राहते. शोभा हा त्याचा दुसरा फायदा.

मापं अशी घ्या. फोटो १२×१८, चारी बाजूंनी अडीच इंच सोडले की माउंटचं बाहेरचं माप १७×२३. खिडकी मात्र १२×१८ कापायची नाही, नाहीतर फोटो आरपार निघेल. ११¾×१७¾ कापा, म्हणजे प्रत्येक बाजूला ⅛ इंच फोटो माउंटखाली दबतो. तुमचे प्रिंट बिनकिनारीचे आहेत, त्यामुळे हा ⅛ इंच प्रतिमेतूनच जाणार. कडेला खांब किंवा चौकट अगदी चिकटून असेल तर प्रिंट काढण्याआधीच तपासा.

खालची बाजू थोडी जास्त ठेवायची पद्धत आहे. सगळीकडे सारखी सोडली तर फोटो खाली घसरल्यासारखा वाटतो. पण त्यासाठी बाहेरचं माप वाढवलंत तर उभ्यांची फ्रेम १७×२३½ आणि आडव्यांची १७½×२३ होते, आणि अदलाबदल संपली. बाहेर १७×२३ कायम ठेवून फक्त खिडकी पाव इंच वर सरकवा.

चौरस फोटोंसाठी वेगळी फ्रेम नको. त्याच १७×२३ उभ्या माउंटमध्ये ११¾ ची चौरस खिडकी, वर साधारण ५ इंच आणि खाली सव्वासहा. ओळीत सगळ्यांचं बाहेरचं माप एक राहील आणि चौरस फोटोला मोकळी जागाही मिळेल.

रंधा

पट्टीबद्दल. सोनेरी नक्षी सोडून द्या, वाड्यांच्या फोटोत आधीच महिरपी आणि कोरलेले खांब आहेत. काळी पाऊण इंची सपाट घ्या, आणि चकाकती नको, मॅट घ्या. चकाकत्या काळ्या पट्टीवर प्रत्येक बोट उमटतं.

सिंथेटिक पट्टी दमटपणाने फुगत नाही आणि वजनाला हलकी असते. कोपऱ्यावर आपटली तर मात्र टवका उडतो आणि तो लपत नाही. एमडीएफची (लाकूडभुसा दाबून केलेल्या बोर्डाची) कागद चढवलेली पट्टी पावसाळ्यात घेऊ नका, ती कोपऱ्यातून पाणी पिते आणि कागद सुटतो. लाकूड सुंदर दिसतं, पण पूर्ण वाळलेलं नसेल तर दिवाळीपर्यंत कोपरे उघडतात. ॲल्युमिनियमचे कोपरे स्क्रूने आवळलेले असतात, त्यामुळे तीच फ्रेम उघडून पुढच्या प्रदर्शनात नवे फोटो भरता येतात. वारंवार प्रदर्शनं करणार असाल तर तीच घ्या. एकदाच करून विकायचं असेल तर सिंथेटिक.

नमुना हातात घेतलात की मागची खाच मोजा. २ मिमी काच, १.४ चा खिडकीचा माउंट, १.४ चा मागचा माउंट, ३ मिमीची पाठ: हे जवळपास ८ मिमी झाले. त्यावर पिना दाबायला निदान ३ मिमी हवेत. म्हणजे खाच ११-१२ मिमी खोल पाहिजे. स्वस्त पट्ट्यांत ती ८-९ असते. मग पाठ बाहेर डोकावते, पिना तिरक्या बसतात आणि फ्रेम भिंतीला सपाट टेकत नाही.

आता पट्टीचा हिशेब, कारण बहुतेक जण इथे जास्त पैसे देतात. १७×२३ च्या फ्रेमची बाहेरची बाजू पाऊण इंची पट्टीत साधारण १८¼ आणि २४¼ येते. दहा फुटी पट्टीत चार लांब आणि एक आखूड तुकडा बसतो (११५¼ इंच, वर करवतीची जागा). नुसते आखूड कापले तर सहा बसतात. २४ फ्रेमसाठी ४८ लांब आणि ४८ आखूड तुकडे लागतात. पहिल्या पद्धतीच्या १२ आणि दुसऱ्या पद्धतीच्या ६, म्हणजे १८ पट्ट्या. एका फ्रेमला एक पट्टी असा हिशेब लावला तर २४ होतात. मात्र पट्टी खरंच दहा फुटी आहे का ते टेपने मोजा. साडेनऊ फुटी निघाली तर तीन लांब आणि दोन आखूड अशा १६ आणि उरलेल्या आखूड तुकड्यांसाठी ३, एकूण १९. सगळ्या एकाच लॉटच्या मागा. दोन लॉटमधला काळा रंग दिव्याखाली वेगळा दिसतो.

निगेटिव्ह३५

काच आणि ॲक्रिलिक. साधी काच दोन्ही पृष्ठांवर मिळून सुमारे ८ टक्के उजेड परत फेकते. उजळ फोटोत ते जाणवत नाही. तुमच्या माजघरांत मात्र बघणाऱ्याला स्वतःचाच शर्ट दिसेल. साधं ॲक्रिलिक घेऊन हा प्रश्न सुटत नाही, तेही जवळजवळ तेवढंच परावर्तन करतं.

‘नॉन-ग्लेअर’ म्हणून मिळते ती खरखरीत पृष्ठाची काच असते. ती प्रतिबिंब विस्कटते, पण काळाही विस्कटते. गडद भाग राखाडी दिसू लागतो. फोटोपासून जितकी लांब तितकी धूसर. दुहेरी माउंट (एकावर एक दोन) आणि ही काच एकत्र कधीच करू नका. लेप दिलेली खरी परावर्तनरोधक काच अप्रतिम असते, पण २४ फ्रेमना ती घेणं म्हणजे बाकी सगळ्या खर्चाला मागे टाकणं. सगळ्यात काळोखी तीन-चार फोटोंना तेवढी घ्या.

बाकीच्यांचं काम दिव्यांवर सोडा. स्पॉट वरून तिरका, उभ्या रेषेपासून साधारण ३० अंशांत, आणि समोरच्या भिंतीवरच्या ट्यूबलाइट बंद. समोर खिडकी असेल तर काळोखी फोटो तिच्यासमोर टांगू नका.

वजन: १७×२३ ला २ मिमी काच सव्वा किलोची, तेवढंच ॲक्रिलिक ६०० ग्रॅमचं. काच, ३ मिमी एमडीएफची पाठ आणि पट्टी धरून एक फ्रेम सव्वादोन ते अडीच किलोवर जाते. २४ फ्रेम म्हणजे ५५ ते ६० किलो. प्रदर्शन गावोगावी फिरणार असेल तर ॲक्रिलिक, एकाच जागी असेल तर काच. ॲक्रिलिकवर ओरखडे उठतात आणि ते धूळ ओढून घेतं. दोन्ही बाजूंची संरक्षक फिल्म फ्रेम भरण्याच्या क्षणापर्यंत काढू नका. पुसायला किंचित ओलं मायक्रोफायबर कापड. अमोनियाचा काच-क्लिनर लावलात तर ते धुरकट होतं.

जुनावाडा

खूप उपयोगी, धन्यवाद! माउंट पक्का, पट्टी काळी सिंथेटिक. अजून दोन शंका. फ्रेमवाला म्हणतो फोटो दुहेरी टेपने मागच्या बोर्डावर चिकटवून देतो, एकदम सपाट बसेल. आणि माउंट पांढरा घ्यावा की काळा?

काटकोन

दुहेरी टेपला स्पष्ट नाही म्हणा. चारी बाजूंनी घट्ट बांधलेला कागद हवेतल्या ओलाव्याने फुगला की त्याला पसरायला जागा नसते, मग मधोमध लाटा येतात. फोटो फक्त वरच्या कडेने टांगायचा: दोन ठिकाणी गोंद लावलेल्या कापडी टेपच्या किंवा जपानी कागदाच्या बिजागऱ्या, बाकी तिन्ही बाजू मोकळ्या. सेलोटेप तर अजिबात नको, तिचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो.

मागे एमडीएफ थेट फोटोला लागू देऊ नका. तिच्यातून आम्ल सुटतं. मध्ये माउंट बोर्डचाच दुसरा तुकडा घाला. पाच दिवसांत काही बिघडणार नाही हे खरं, पण विकत घेणाऱ्याच्या भिंतीवर ती फ्रेम वर्षानुवर्षं राहणार आहे. सगळ्या २४ फ्रेमना ॲसिड-फ्री बोर्ड परवडत नसेल तर विकल्या जाणाऱ्या फोटोंचा माउंट देण्याआधी बदलून द्या. साध्या बोर्डाची खूण खिडकीच्या ४५ अंशी कापावर काही वर्षांनी दिसते, तिथे तपकिरी रेघ उमटते.

रंग: काळा माउंट कृष्णधवल फोटोतले काळे फिके पाडतो, शिवाय त्यावर धुळीचा प्रत्येक कण दिसतो. शुभ्र पांढराही सावधपणे घ्या. माउंट फोटोतल्या सर्वांत उजळ भागापेक्षा उजळ असेल तर फोटो मळकट वाटतो. लस्टर कागदाचा पांढरा किंचित निळसर असतो, त्याच्याशेजारी पिवळट क्रीम जुनाट दिसतं. थंड, किंचित राखाडी ऑफ-व्हाइट शोधा. नमुन्याचे तुकडे दुकानातल्या ट्यूबखाली ठरवू नका, कलादालनातल्या दिव्याखाली नेऊन प्रिंटशेजारी ठेवा.

शेवंती

तुमचा भिंतीचा हिशेब कोणी केला का? १४ आडव्या × २४¼ आणि १० उभ्या × १८¼ म्हणजे ५२२ इंच, साडेत्रेचाळीस फूट. मधल्या २३ जागा आठ-आठ इंचांच्या धरल्या तर आणखी १५ फूट. एकूण ५९ फुटांच्या आसपास, आणि भिंत ५५. त्यातच परिचयाचा फलक, दार, कोपरे. तीन आडवे फोटो कमी करा: एकवीस फोटो साधारण ५१ फुटांत बसतात. अंतर पाच इंचांवर आणून सगळे कोंबता येतील, पण मग नावांच्या पट्ट्या कुठे लावणार? (एकवीस केलेत तर दहा फुटी पट्ट्याही १८ ऐवजी १६ पुरतात.)

उंची वरच्या कडेने जुळवू नका. प्रत्येक फ्रेमचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर आणा, उभ्या-आडव्या शेजारी असल्या तरी ओळ शांत दिसते. दोरीचा हुक कुठे यायला हवा त्याचं गणित: ५८ अधिक फ्रेमची अर्धी उंची, वजा फ्रेमच्या वरच्या कडेपासून टांगण्याच्या बिंदूपर्यंतचं अंतर. आडव्या फ्रेमला डी-रिंग (दोरी अडकवायची D आकाराची कडी) वरून ३ इंचांवर असेल तर ५८ + ९⅛ − ३ = ६४⅛ इंच. उभीला ४ इंचांवर असेल तर ५८ + १२⅛ − ४ = ६६⅛.

फ्रेमवाल्याला आधीच सांगून ठेवा: मधला एकच हुक नको. दोन्ही बाजूंना डी-रिंग, एका प्रकारच्या (उभ्या किंवा आडव्या) सगळ्या फ्रेमवर एकाच उंचीला, पट्टीत स्क्रूने बसवलेल्या. पाठीच्या एमडीएफमध्ये नाही, ती पाठ वजनाने सुटते. प्रत्येक फ्रेमला दोन दोऱ्या. एका दोरीवर फ्रेम दार उघडल्याच्या झुळकेनेही फिरते. रिंग जितकी खाली तितकी फ्रेम पुढे कलते, म्हणून ३-४ इंचांच्या खाली जाऊ नका. नायलॉनची दोरी पहिल्या दिवशी वजनाने थोडी ताणते. आदल्या संध्याकाळी टांगा आणि उद्घाटनाच्या सकाळी पुन्हा लेव्हल लावा. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून फेल्टचे किंवा रबराचे ठिपके चिकटवा, पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीपासून फ्रेम सुटी राहते.

रंधा

एक राहिलं. सगळी ऑर्डर देण्याआधी एकच फ्रेम पूर्ण करून घ्या, उभी आणि सगळ्यात काळोखी असलेली. कोपऱ्यावर नख फिरवा. फट लागली तर कापाचा कोन चुकलाय आणि तो उरलेल्या सगळ्या फ्रेमना चुकणार. काचेच्या आतल्या बाजूला दिव्यासमोर तिरकं बघा, धूळ आणि बोटांचे ठसे तिथेच सापडतात. मागे तपकिरी टेप चारी कडांना लावून घ्या, पण कोरड्या दिवशी किंवा कोरड्या खोलीत, म्हणजे ओलावा आत बंद होणार नाही.

नेताना दोन-दोन फ्रेम तोंडाला तोंड, मध्ये पुठ्ठा, आणि टेम्पोत उभ्या. काचेवर मास्किंग टेपची फुली मारा. ॲक्रिलिक घेतलंत तर ती मारू नका. बबल-रॅपचे फुगे बाहेरच्या बाजूला.