मार्केरियन ४२१: फर्मीच्या डेटाचा फिट बसत नाही

दादरकर: मार्केरियन ४२१ या ब्लेझारचा (झोत आपल्या दिशेने असलेली दूरची दीर्घिका) आठवड्यागणिक लाइटकर्व्ह, म्हणजे तेजाचा आलेख काढतोय. फर्मी-लॅट (अवकाशातली गॅमा किरणांची दुर्बीण), ऊर्जा १०० एमईव्हीच्या वर, स्रोताभोवती घेतलेल्या आकाशाची त्रिज्या ५ अंश. फ्लक्स (येणाऱ्या किरणांचं प्रमाण) वेडावाकडा उडतो, काही आठवड्यांत मॉडेलचा डेटाशी फिट बसतच नाही.

मुलुंड_पूर्व: त्रिज्येतच घोळ आहे. १०० एमईव्हीला फोटॉनची दिशा साधारण ५ अंशांनी पसरते. तुमच्या स्रोताचा तिसरा हिस्सा बाहेर सांडतो, शेजारच्या स्रोतांचा आत येतो. १५ अंश घ्या, मॉडेलमध्ये त्यापलीकडच्या १० अंशांतलेही स्रोत ठेवा. झेनिथ (थेट वरच्या दिशेपासूनचा कोन) ९० अंशांवर कापा, नाहीतर पृथ्वीच्या वातावरणातली गॅमा किरणं घुसतात. आधी अख्ख्या काळाचा फिट, मग आठवड्यांसाठी शेजाऱ्यांचे स्पेक्ट्रल इंडेक्स (ऊर्जेनुसार फ्लक्स कसा बदलतो तो आकडा) गोठवा, म्हणजे फिटमध्ये बदलू देऊ नका. सात दिवसांत तेवढे फोटॉन मिळतात कुठे? टीएस (स्रोत खरंच दिसतोय याची खात्री सांगणारा आकडा) ९ च्या खाली गेला तर बिंदू नको, वरची मर्यादा द्या.

हानले४२७०: आयसोट्रॉपिक फाइलही (सगळ्या दिशांनी सारख्या येणाऱ्या पार्श्वभूमीच्या किरणांची) तपासा. डेटा नवा आणि फाइल जुन्या आवृत्तीची, तर फ्लक्स गुपचूप सरकतो, एरर काही येत नाही. पुढे ट्रॉम्बेवाल्यांच्या (बीएआरसी) हानले इथल्या मेस (MACE) या २१ मीटरच्या गॅमा दुर्बिणीचे बिंदू जोडणार असाल तर ईबीएलचं, म्हणजे वाटेतल्या दीर्घिकांच्या पसरलेल्या प्रकाशामुळे होणारं शोषण धरा. रेडशिफ्ट (अंतराचं माप) ०.०३१ च आहे खरा, पण १० टीईव्हीजवळ (एमईव्हीच्या दहा लाख पट मोठं एकक) ते चांगलंच जाणवतं.

दादरकर: शेजारी सगळे मोकळे सोडले होते! गोठवून बघतो.