एंडोमेट्रिओसिस आणि आयव्हीएफची चाचणी: ओपीडी भरलेली, भरती अडलेली

केसपेपर
एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं ऊतक गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) असलेल्यांवर दोन गटांची शैक्षणिक चाचणी आहे. एका गटाला आयव्हीएफपूर्वी तीन महिने ल्यूप्रोलाइड डेपो (पाळी थांबवणारं हॉर्मोनचं इंजेक्शन, ३.७५ मिग्रॅ, महिन्याला एक), दुसऱ्याला थेट स्टिम्युलेशन (आयव्हीएफसाठी बीजं वाढवणारी इंजेक्शनं). निकष: वय २१ ते ३७, लॅपरोस्कोपीनं (पोटात दुर्बीण घालून) सिद्ध झालेला एंडोमेट्रिओसिस, टप्पा ३ किंवा ४, एएमएच (अंडाशयात किती बीजं उरली याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) १.२ च्या वर, गेल्या सहा महिन्यांत कुठलंही हॉर्मोन नाही. एथिक्स कमिटीची मंजुरी आहे, सीटीआरआय (देशातल्या चाचण्यांची नोंदवही) नोंदणीही झाली. चॉकलेट सिस्टच्या (या आजारात अंडाशयात होणारी गाठ) पेशंट भरपूर येतात, पण पात्र ठरतात मोजक्या. त्यातल्याही बऱ्याच जणी "घरी विचारून सांगते" म्हणतात आणि परत येत नाहीत. निकष सैल करावेत की जाहिरात वाढवावी?

पिपेट
जाहिरात नंतर. आधी स्क्रीनिंग लॉग (तपासलेल्या प्रत्येकीची नोंद) उघडा. नाकारलेल्या प्रत्येकीपुढे सगळी कारणं लिहिली आहेत का? बहुधा पहिलं कारण सापडलं की फॉर्म मिटतो. मग कुठला निकष बदलल्यावर किती जणी आत येतील, हे लॉगवरून सांगताच येत नाही.

तुमचे दोन निकष एकमेकांना कापतात. ऑपरेशन झालेलं हवं आणि एएमएचही चांगलं हवं. सिस्ट काढताना अंडाशयाचा निरोगी भागही थोडाफार जातो आणि एएमएच उतरतं, म्हणजे पहिल्या निकषात बसणारी दुसऱ्यात अडकते. ईश्रे या युरोपातल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेनं लॅपरोस्कोपीला निदानाचा अंतिम निकष मानणं सोडलं आहे. सिस्ट आणि खोलवरचा आजार अनुभवी सोनोलॉजिस्टला टीव्हीएसवर (योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी) किंवा एमआरआयवर दिसतो. पहिल्यांदाच दिसलेली सिस्ट असेल तर सहा ते बारा आठवड्यांनी सोनोग्राफी पुन्हा करा, रक्तस्रावाची साधी सिस्ट तोवर बहुधा विरते. वरवरचा आजार सोनोग्राफीत सहसा सापडत नाही, तिथे लॅपरोस्कोपीची अट राहू द्या. टप्पा ऑपरेशनमध्येच ठरतो, म्हणून ऑपरेशन न झालेल्यांना ती अट लावूच नका. "ऑपरेशन झालेल्या" आणि "न झालेल्या" असे दोन थर करून प्रत्येक थरात वेगळं रँडमायझेशन (चिठ्ठी टाकल्यासारखी गटवाटणी) करा.

सरसकट सहा महिन्यांची अट तर निव्वळ आळस आहे. डायनोजेस्ट (या आजारावरची हॉर्मोनची गोळी) किंवा गर्भनिरोधक गोळ्या बंद केल्यावर एक पाळी येऊ देणं माझ्या मते पुरे. ल्यूप्रोलाइड ३.७५ चा असर महिनाभर धरतात, ११.२५ चा तीन महिने. मोजायचं ते असर संपल्यापासून, इंजेक्शनच्या तारखेपासून नाही. डीएमपीए (तीन महिन्यांचं गर्भनिरोधक इंजेक्शन) घेतलेली वेगळी धरा, तिची पाळी लांबू शकते.

इथेच एक चूक सर्रास होते: "आधी गोळ्या थांबवा, मग संमती घेऊ." चाचणीसाठी औषध थांबवणं हा चाचणीचाच भाग आहे. सही आधी. आणि थांबवल्यावर दुखणं वाढलं तर कुठली वेदनाशामकं चालतील, ते प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं हवं.

पी_व्हॅल्यू
निकष बदलण्याआधी दुरुस्ती एथिक्स कमिटीकडून मंजूर करून घ्या आणि सीटीआरआयवरही नोंदवा. नमुन्याचं गणितही पुन्हा पाहा. जिवंत जन्माचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ४० व्हावं, ८० टक्के पॉवर (खरा फरक पकडण्याची शक्यता), ५ टक्के अल्फा (नसलेला फरक दिसण्याची शक्यता), असं धरलं तर एका गटात साधारण ३५५ जणी लागतात. १० टक्के गळती धरली की ३९५. फरक १५ टक्क्यांचा मानला तर सुमारे १६० मध्ये भागतं, पण एवढा फरक खरंच पडेल असं तुम्हाला वाटतं का? आकडा छोटा दिसावा म्हणून फरक फुगवू नका.

सायकल मोजू नका, बाई मोजा. वंध्यत्वाच्या चाचण्या कशा मांडाव्यात यावरच्या २०१४ च्या हार्बिन सहमतीचा रोखही जिवंत जन्म मोजण्यावरच आहे. इंजेक्शनच्या गटाची सुरुवात तीन महिने उशिरा होते, म्हणून दोन्ही गटांचा पाठपुरावा रँडमायझेशनपासून समान काळ ठेवा, समजा १८ महिने. तेवढ्यात कुणाला आपोआप दिवस राहिले तर तिला वगळायचं नाही, ती तिच्याच गटात मोजायची. आणि रँडमायझेशन शक्य तितकं उशिरा: पतीचा वीर्य तपासणी अहवाल आणि सोनोग्राफी हातात आल्यावर, पहिलं इंजेक्शन द्यायच्याच दिवशी. आधी केलंत तर गळती थेट विश्लेषणात शिरते.

संमती_कक्ष
"घरी विचारून सांगते" हा सरळ नकार नसतो. एएमएचचा अहवाल आणि आयव्हीएफचा अंदाजे खर्च ज्या दिवशी हातात पडतो, त्याच दिवशी चाचणीचं बोलणं काढलं तर काहीच डोक्यात शिरत नाही. माहितीपत्रक देऊन सोडा. पुढची भेट पाळीच्या दुसऱ्या दिवशीच्या स्कॅनला जोडा, म्हणजे वेगळी फेरी पडत नाही.

सासूबाई सोबत असतील तर बाईशी पाच मिनिटं एकटीशी बोला. फोन कुठल्या नंबरवर, किती वाजता करायचा आणि दुसऱ्या कुणी उचलला तर काय बोलायचं, हे तिलाच विचारून केसपेपरवर लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवर आजाराचं किंवा चाचणीचं नाव नको. आयव्हीएफसाठी एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायदा, २०२१ प्रमाणे दोघांच्या सह्या लागतात, पण चाचणीतला सहभाग तिचा, सही तिची. पतीची माहिती किंवा नमुना संशोधनात वापरणार असाल तर त्याचं संमतीपत्र वेगळं.

पैशांचा तक्ता पहिल्याच पानावर टाका: डेपो इंजेक्शनं कोण देणार, आयव्हीएफचं बिल कोणाचं, येण्या-जाण्याचं भाडं किती. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई कशी मिळेल, तेही. "मोफत आयव्हीएफ" असं पोस्टर लावू नका, एथिक्स कमिटी ते आमिष धरेल.

"तीन महिने वाया गेले तर?" हा प्रश्न येणारच. खरं ते सांगा: २००६ चा कॉक्रेन आढावा (आधीच्या चाचण्यांचा एकत्रित अभ्यास) या इंजेक्शनांच्या बाजूनं होता, २०१९ च्या आढाव्यानं फायदा अनिश्चित म्हटलं, म्हणून तर चाचणी आहे. पाळी बंद राहील, अंगातून गरम वाफा येतील, हेही आधीच सांगा, नाहीतर दुसऱ्या इंजेक्शनला बाई येत नाही. आणि संमती उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी घेऊ नये, समन्वयकानं घ्यावी. डॉक्टरांना नाही म्हणायला पेशंट कचरतात.

केसपेपर
पस्तिशीपुढच्या जणी सर्वांत जास्त नकार देतात. त्यांना कसं समजवावं?

पिपेट
समजावू नका. छत्तिसाव्या वर्षी एएमएच १.३ असेल तर तीन महिने थांबायला नकार देणं रास्तच आहे. नकाराचं कारण लॉगमध्ये लिहा. वयाची मर्यादा ३५ वर आणायची का, ते सगळ्या केंद्रांचा लॉग एकत्र करून ठरवा. भर घालायची असेल तर लॅपरोस्कोपी करणाऱ्या सर्जनना आणि सोनोलॉजिस्टना निकषांचं एकपानी पत्रक द्या. पेशंट पाठवल्याबद्दल पैसे मात्र कुणालाच नाही.