आधी वजन, मग मोटर
आरसी क्रॉलर, म्हणजे दगडांवर चढवायचा रिमोटवरचा छोटा ट्रक, चढावर मागे कलंडला की जास्त ताकदीची मोटर बसवायचा विचार काहीजण मांडतात. माझं मत उलट आहे, आधी वजन हलवा. ट्रॅक्सस टीआरएक्स-४ या मॉडेलला मुळातच पोर्टल (चाकांपाशी गिअर देऊन मधला भाग उंच उचललेले) अ‍ॅक्सल असतात, त्यामुळे डिफ (दोन चाकांच्या मधला गिअरचा डबा) दगडाला कमी अडतो. पुढच्या नकल्सना (चाक वळवणाऱ्या सांध्यांना) पितळी वजनं लावा, बॅटरी शक्य तितकी पुढे आणि खाली घ्या. वजन अ‍ॅक्सलवरच हवं बरं का! चॅसीवर वर चढवलं तर स्प्रिंगा दबतात आणि आडव्या उतारावर गाडी लगेच झुकते. त्यानंतर ओव्हरड्राइव्ह गिअर बसवा. त्याने पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त फिरली की गाडी पुढून ओढली जाते, वळणही आखूड होतं. स्पर्धेत गेटला (ज्या दोन खुणांमधून गाडी न्यायची त्यांना) धक्का लागला किंवा रिव्हर्स घेतला की दंडाचे गुण लागतात, तिथे हे आखूड वळण फार मोलाचं.